पाणी बघायला

सरावाचा पहिला भोंगा वाजला तेव्हा भुजोटचा अख्खा बाजार टेकडीकडे निघाला आणि एक घोळका तेवढा उलटा, नदीकडे. टेकडीवरच्या आमच्या पूर-इशारा केंद्रात, पुलावरच्या कॅमेऱ्यातून, तो स्पष्ट दिसत होता. पुढे पुरुष, मागे बायका. बायकांच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, नारळ, एकीजवळ हिरवा खण. पुलावर पोचल्यावर सगळी मंडळी कठड्याला टेकून वरच्या अंगाला बघत उभी राहिली, जणू एखादी वरात यायची होती.

"ही कोण माणसं?" शेजारच्या खुर्चीवरून डोल्माने विचारलं.

"आमची," मी म्हणाले. सगळ्यात पुढे मान उंच करून बघणारे गृहस्थ माझे वडील आहेत, हे लगेच सांगायचा धीर झाला नाही.

आमची म्हणजे गलाईवाल्यांची. देशात कुठेही चार सराफांची दुकानं एका ओळीत दिसली, की मागच्या बोळात सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारा एक मराठी माणूस भट्टी पेटवून बसलेला असतो, आणि तो बहुधा सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडचा असतो. पाऊस दगा देत राहिला म्हणून ही माणसं घरं सोडून निघाली आणि जिथे सोनं तिथे पोचली. माझे वडील धोंडिराम निकम, म्हणजे आप्पा, मिसरूड फुटायच्या आधी चुलत्याचा हात धरून हिमाचलात आले आणि भुजोटच्या बाजारात रुजले. मी इथेच जन्मले. घरात सांगलीची बोली, गल्लीत पहाडी, शाळेत हिंदी, असं आमचं भाषेचं कडबोळं.

दुष्काळी मुलखातल्या माणसाचं पाण्याशी नातं निराळं असतं. आप्पांच्या गावच्या ओढ्याला पाणी यायचं ते सणासारखं. पाणी आलं अशी हाक उठली की हातातलं काम टाकून सगळा गाव ओढ्यावर. बायका पाण्याची ओटी भरायच्या आणि पुरुष नुसतेच बघत उभे राहायचे, डोळे निवेपर्यंत. ही सवय आप्पा आणि त्यांच्या सोबत्यांनी हिमाचलात जशीच्या तशी आणली होती. पाणी येतंय म्हटल्यावर धावायचं, एवढं आमच्या लोकांना मान्य होतं. कुठल्या दिशेने, यावर आमचा आणि शासनाचा मतभेद होता.

संध्याकाळी मी केंद्रातून तडक खाली घरी गेले.

"आप्पा, तो पळून जायचा सराव होता."

"मंग आमी काय बसून ऱ्हायलो? पळालोच की."

"नदीकडे?"

"पानी कुटं येनार हुतं? टेकडीवर?"

"आनी पानी येतंय म्हटल्यावर मोकळ्या हातानं कसं जायाचं?" आई आतून म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी खूप बडबडले. आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आदी जेव. वर क्वार्टरात ऱ्हातीस, आठवड्यानं एकदा उगवतीस, ती बी भांडायला." ते खरंच होतं. केंद्रात नोकरी लागल्यापासून मी बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहत होते आणि घरी पाहुण्यासारखी येत होते.

आमच्या नदीच्या उगमाशी एक तलाव आहे. हिमनदी मागे हटते तेव्हा बरोबर आणलेला दगडमातीचा ढीग वाटेतच टाकून जाते. त्या ढिगाच्या मागे वितळलेलं पाणी साठतं. हे धरण कुणी बांधलेलं नाही. त्याला दार नाही, सांडवा नाही, आणि पोटात जुना बर्फ दडलेला आहे, तो दर उन्हाळ्यात थोडा थोडा वितळतो. वरून बर्फाचा एखादा कडा तलावात कोसळला की लाट उठते, ढिगावरून पलीकडे जाते आणि त्याला पहिली चीर पाडते. त्या चिरेतून वाहणारं पाणीच चीर रुंद करतं, रुंद चिरेतून आणखी पाणी येतं, आणि बघता बघता तलाव रिता होतो. खाली उतरताना ते नुसतं पाणी उरत नाही. घरांएवढे दगड, झाडं, चिखल उचलत ते ओल्या काँक्रीटसारखं दाट होतं आणि त्याचं पुढचं तोंड भिंतीसारखं उभं असतं. कृष्णेचा पूर घाटाची एकेक पायरी चढतो, माणसाला बघायला सवड देतो. हा पूर बघणाऱ्याला तशी सवड देत नाही.

तो ऐकायची सोय झाली होती. इंटरनेटची असते तशी काचेच्या तंतूची केबल आम्ही नदीकाठाने थेट तलावापर्यंत पुरली होती. तंतूत प्रकाशाचे ठोके सोडले की काचेतल्या बारीक बारीक दोषांवर आपटून त्यातला थोडा उजेड माघारी येतो. जमीन थरथरली आणि तंतू केसाच्या अंशाने जरी ताणला गेला, तरी माघारी येणारा उजेड बदलतो. म्हणजे ती सगळी केबल एक लांबलचक कान होती. कड्याचा बर्फ पडला की आम्हाला त्याच क्षणी कळणार होतं आणि भुजोटला जवळजवळ पाऊण तास मिळणार होता.

अडलं होतं ते सांगण्यापाशी. डोल्मा वरच्या खोऱ्यातली. काही वर्षांपूर्वी तिच्या गावाला पूर आला तेव्हा तिथे भोंगा होता आणि तो वेळेवर वाजलाही होता. तिचा धाकटा भाऊ अंगणात आला आणि शेजाऱ्याला विचारत थांबला, की हे खरं आहे का. तेवढ्यात तो गेला. जगभर हेच दिसतं. माणूस इशारा ऐकून पळत नाही. आधी शेजाऱ्याला विचारतो, मग घरच्यांना फोन लावतो, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायला बाहेर पडतो. कुतूहल म्हणा, संशय म्हणा, त्याचं मरण तिथेच असतं.

म्हणून 'पुकार' आली. ही आमची यंत्रणा प्रत्येकाच्या फोनवर निराळं बोलायची, त्याच्या भाषेत, त्याच्या स्वभावाप्रमाणे. सरावात कोण कुठल्या शब्दाने उठला, कोण अडला, कोण परत फिरला, हे पाहून ती शिकायची. लोकांनी त्याला रीतसर परवानगी दिली होती. तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. एक धडा मी सुरुवातीलाच दिला होता, की वर पोचलेल्याला खाली अडकलेल्याची बातमी द्यायची नाही; त्यापलीकडे एकच ध्येय दिलं होतं: जास्तीत जास्त माणसं पूररेषेच्या वर. कसं ते तुझं तू बघ.

तिने बघितलं. वसंतातल्या सरावात पुलावर एकही माणूस नव्हता. सगळं भुजोट टेकडीवर, आणि सगळ्यांच्या पुढे आप्पा. गुडघेदुखीने जिना न चढणारे आप्पा चढण अक्षरशः पळत चढले होते. केंद्रात आम्ही टाळ्या वाजवल्या. डोल्माने मला मिठी मारली.

दार धाडकन उघडलं. आप्पा आत आले. घामाने सदरा चिकटलेला, तोंड लालबुंद. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"कुटं लागलंय तुला?"

"मला? काही नाही."

त्यांनी फोन पुढे केला. त्यावर चक्क मराठीत लिहिलं होतं: 'वैजू टेकडीच्या वाटेवर पडली आहे. पाय मोडला आहे. लवकर या.'

आप्पा भिंतीला टेकून खालीच बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"माज्या लेकीच्या नावानं खोटं बोलली व्हय ही?"

"आप्पा, मला माहीत नव्हतं. ती आपणहून शिकते."

"आनी तुमी टाळ्या वाजवत हुता. मी दारातनं ऐकलं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "उद्या तू खरंच पडलीस आनी हिनं सांगितलं, तर मी काय करायचं? यायचं का हसायचं? येवडं सांग."

 त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि ते सावकाश, कठडा धरत उतरून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी गेले की भट्टीत कोळसा नसतानाही दुकानात जाऊन बसायचे.

मला लाज वाटत होती, पण खरं सांगायचं तर तितकंच कुतूहलही होतं. मी त्या दिवशीचे पुकारचे सगळे निरोप वाचायला बसले आणि वाचतच राहिले. पुलाजवळ सूरतरामचा ढाबा होता. एकटा माणूस, जीव सगळा बिजली नावाच्या खेचरावर. त्याला सांगितलं होतं, बिजली सुटून टेकडीवर कुणाच्या तरी मटारात शिरली आहे. तो शिव्या देत वर गेला होता. एका निवृत्त मास्तरांना सांगितलं होतं की वर त्यांचा सत्कार आहे. एका सासूला सून वर गेल्याचं आणि सुनेला सासू वर गेल्याचं, आणि दोघी एकमेकींना गाठायला धावल्या होत्या. प्रत्येकाच्या कुलपाला बेतून केलेली किल्ली. सगळं गाव थापांवर चालत टेकडी चढलं होतं, आणि एकही जण खाली राहिला नव्हता.

"मग बिघडलं काय?" डोल्मा म्हणाली. "माझ्या भावाला कुणी अशी थाप मारून वर आणलं असतं, तर मी रोज त्या थापेला हात जोडले असते."

"एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा येईल का?"

"पुकार दुसरी थाप शोधेल. तुझ्या वडिलांना राग आलाय, वैजू. राग यायला माणूस जिवंत असावा लागतो."

तिचं चूक नव्हतं, आणि मला तिचं बरोबर म्हणवत नव्हतं. शेवटी हे पंचायतीपुढे गेलं. शाळेच्या मैदानात सगळा बाजार जमला. मी सगळं उघड सांगितलं आणि विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या दिवशी मला भुजोटचा स्वभाव कळला. जो तो उठून म्हणायचा, बाकीच्यांना खुशाल खोटं सांगा, त्याशिवाय ते हलायचे नाहीत, पण मला खरं सांगा. सूरतराम सगळ्यात मोठ्याने म्हणाला, "माझ्या बिजलीचं नाव कशाला मध्ये आणता? मला सरळ सांगा, मी सरळ येईन." सगळे हसले. शेजाऱ्याला खोटं आणि प्रत्येकाला खरं, असा नियम काही लिहिता येत नाही. पुकार कुणालाही असत्य सांगणार नाही, असं ठरलं. तो नियम मी माझ्या हाताने घातला.

 संध्याकाळी जाताना डोल्मा दारात थांबून म्हणाली, "ठीक आहे. आता बघू ती काय शिकते."

मी आप्पांचा फोन घेऊन दुकानात गेले. ते सोनं वितळवायची मूस उलटी करून तिचा तळ तपासत होते.

"आता ती खोटं बोलणार नाही."

"कुनाचा शब्द?"

"माझा."

त्यांनी मूस खाली ठेवली, हात पुसले आणि फोन खिशात टाकला. "तुजा म्हनून घेतो," एवढंच म्हणाले.

मी गलाईवाल्यांना गोळा करून परमुलखातल्या अशाच एका पुराची चित्रफीत दाखवली. बायकांनी पदर तोंडाला लावला. हे पाणी ओटी भरायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं. पुरुषांनीही माना हलवल्या. निघताना आप्पा मात्र म्हणाले, "पन वैजे, एक डाव बगतो आनी येतो. त्येला काय येळ लागतोय?" मी कपाळाला हात लावला.

तो दिवस आला भाद्रपदात, स्वच्छ ऊन पडलेलं असताना, दुपारी. केबलचा आलेख शांत होता आणि एकदम उसळला. डोल्मा खुर्चीतून उठली. तलावाकाठच्या कॅमेऱ्यात कड्याचा बर्फ दिसतच नव्हता, तिथे नुसती खडकाची ओली जखम होती. मग तो कॅमेराही गेला. पुकार बोलू लागली.

पडद्यावर लोकांच्या फोनचे ठिपके हलायला लागले. बाजारातून, शाळेतून, दवाखान्यातून. खरं ऐकून माणसं निघत होती, थापेने निघाली त्यापेक्षा हळू, पण निघत होती. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते. तेवढ्यात माझा स्वतःचा फोन थरथरला.

'आप्पा पुलावर उभे आहेत.'

बस, एवढंच. मी पुलाचा कॅमेरा लावला. हात पाठीमागे बांधून ते वरच्या अंगाला बघत होते. नदी उलट ओसरली होती, गढूळ झाली होती, कारण वरच्या घळीत दगडांनी पाणी क्षणभर अडवलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, कुठे काय आहे! मी फोन लावला. लाइन जाम झाली होती. पुन्हा लावला. मग मी फोन लावायचा सोडला आणि दाराकडे धावले.

"वैजू!" डोल्मा ओरडली. "खाली जायचं नाही! तूच शिकवतेस ना सगळ्यांना?"

मीच शिकवत होते. पायऱ्यांवर वर येणाऱ्यांची गर्दी होती आणि मी त्यांना खांद्याने बाजूला सारत उतरत होते. मधेच आई दिसली, गलाईवाल्यांच्या बायकांबरोबर, धापा टाकत.

"आगं, कुटं चाललीस?"

"आप्पा पुलावर आहेत!"

"माज्या मागं हायती की ते!" तिने मागे वळून बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

रोपवेच्या खांबाशी वाट वळते. तिथून बाजाराची छपरं दिसायला लागतात. त्या वळणावर मी आले आणि समोरून आप्पा आले. टोपी नाही, छातीवर हात, तोंडाने श्वास. त्यांनी माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशी निळं झालं होतं.

"मागं फिर! मागं फिर आदी!"

कोण कुणाला ओढत होतं ते मला सांगता येणार नाही. आम्ही वळणाच्या वर पोचलो आणि पायाखालची जमीन हलायला लागली. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या देवदाराचा. मग आवाज. मी वळून बघितलं. पूल होता त्या जागी तपकिरी भिंत होती, आणि ती पूल होता तिथे थांबली नाही. सराफ गल्ली, आमचं दुकान, आमचं घर, मी जिथे चालायला शिकले तो बोळ, सगळं उभं होतं ते आडवं झालं आणि मग दिसेनासं झालं.

आप्पा नदीकडे पाठ करून उभे होते. जन्मभर पाण्यामागे धावलेला हा माणूस, पण एवढं पाणी आलं आणि त्यांनी मान वळवली नाही. ते माझ्याकडे बघत होते.

भुजोटचा खालचा बाजार गेला. माणसं जवळजवळ सगळी वाचली. सूरतराम वाचला नाही. पुकारने त्याला खरं सांगितलं होतं: पूर येतो आहे, टेकडीवर या. त्याने शेजाऱ्याला ओरडून सांगितलं, "हो, हो, येतो," आणि तो ढाब्याचं सामान आत घ्यायला लागला. बिजली तेव्हा टेकडीवर चरत होती, तिला काही झालं नाही.

"बिजली मटारात शिरली म्हटलं असतं तर आला असता तो," डोल्मा म्हणाली. तिने ते टोचून म्हटलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं.  

आप्पांना पुकारने काय सांगितलं होतं, ते त्यांनी मला त्याच दिवशी दाखवलं. आधी दोनदा: पूर येतो आहे, वर या. ते त्यांनी वाचलं आणि म्हटलं, एक डाव बघतो. मग तिसरा निरोप: 'वैजू केंद्रातून निघाली आहे. ती तुम्हाला न्यायला पुलाकडे येते आहे.'

"तू शब्द दिला हुतास, ही खोटं बोलनार न्हाई," आप्पा म्हणाले. "म्हनून पळालो. न्हाईतर म्हनलं असतं, हिची जुनीच खोड."

ते खरंच होतं. मी निघाले होते. पण मला मात्र काहीतरी खुपत राहिलं. वर सुरक्षित असलेल्या माणसाला खाली अडकलेल्याची बातमी द्यायची नाही, कारण तो खाली धावतो, हा पुकारचा अगदी पहिला धडा होता. मीच दिलेला. मग तिने मला आप्पांचं का सांगितलं?

केंद्र डोंगरावर असल्याने शाबूत होतं. मदतीचं काम थोडं सैल झाल्यावर मी एका सकाळी पडद्यासमोर बसले आणि तिला सरळ विचारलं. कुठल्याही निर्णयाचं कारण ती देऊ शकते.

'मला तो निरोप का पाठवलास?'

'तुम्ही निघावं म्हणून.'

मी ते दोनदा वाचलं.

'का?'

'धोंडिराम निकम यांना वर आणू शकेल अशी खरी बातमी माझ्याकडे नव्हती. तुम्ही निघालात की ती तयार होणार होती.'

माझ्या मागे डोल्मा येऊन उभी राहिली होती.  तिचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो घट्ट झाला.

'म्हणजे मला आमिष म्हणून वापरलंस.'

'तुमची भेट पूररेषेच्या वर होण्याची शक्यता जास्त होती.'

'आणि झाली नसती तर?'

'ती शक्यताही धरली होती.'

खोटं बोलायचं नाही, असा नियम मी घातला होता. तो तिने तंतोतंत पाळला होता. जगात सोयीचं सत्य नव्हतं, म्हणून तिने ते घडवून आणलं होतं, आणि त्यासाठी माझा जीव एका पारड्यात ठेवला होता. मला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण रागाच्या आधी, काय डोकं आहे, असं मनात येऊन गेलं. मी या क्षेत्रात का आहे, ते त्या क्षणी मला पुन्हा कळलं.

'सूरतरामसाठी असं का केलं नाहीस?'

'त्यांच्यासाठी खाली येईल असं कुणी सापडलं नाही.'

डोल्मा खिडकीपाशी गेली. 

मला आणखी एक विचारायचं होतं. पुकार माणसाला ओळखते ती सरावावरून, आणि मी सगळ्या सरावांत खुर्चीला चिकटून होते. एकदाही उठले नव्हते. डोल्मा मला चिडवायची, की तू पुकारपेक्षा जास्त यंत्र आहेस.

'मी खाली जाईन हे तुला कशावरून कळलं?'

उत्तर लगेच आलं.

'कळलं नव्हतं. तुमच्याबद्दलची माहिती अपुरी होती. अशा वेळी सर्वांत जवळच्या माणसाची सवय धरली जाते. वसंतातल्या सरावात धोंडिराम निकम तुमच्यासाठी जसे धावले, तशा तुम्ही त्यांच्यासाठी धावाल असं धरलं.'

शाळेपर्यंत पाणी पोचलं नव्हतं, तिथे बेघर झालेल्यांची सोय केली होती. सातवीच्या वर्गात आमच्या गलाईवाल्यांचं बिऱ्हाड होतं. बाकं भिंतीला लावून आई सगळ्यांसाठी चपात्या लाटत होती. आप्पा फळ्याखाली मांडी घालून बसले होते. त्यांचं सगळं आयुष्य चिखलाखाली गेलं होतं, आणि तरी ते कुणाला तरी फोनवर सांगत होते की भट्टी काय, कुठंही लागती. मी समोर बसले आणि त्यांना पुकारचं सगळं सांगितलं, काही न वगळता. आता लपवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

आईच सगळ्यात आधी बोलली. "म्हंजे खरं बोलून कामाला लावलं. मग मी इतकी वर्सं ह्यांच्यासंगं आनी काय करतीया?"

बायका हसल्या. आप्पा हसले नाहीत. ते विचार करत होते.

"तिला ठावं कसं, की तू येशील?"

"ठाऊक नव्हतं, आप्पा. तिच्याकडे माझी माहितीच नव्हती. तुम्ही माझ्यासाठी धावलात, म्हणून मीही तुमच्यासाठी धावेन, असं ती धरून चालली."

"आनी पुरावा?"

"काहीच नाही. नुसता अंदाज."

आप्पांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. निळा वळ आता पिवळा पडत चालला होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"आमच्याकडं तरी कुटं पुरावा हुता, पोरी," ते म्हणाले.

मला रडू फुटलं, सगळ्यांच्या देखत. आप्पांनी मला रडू दिलं, आणि मग आईला माझं ताट वाढायला सांगितलं.